अर्ध्या कपाळाच्या आठ्या

"भुवया वर उचला. कपाळाला आठ्या पाडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी पाडल्या. निदान मला तसं वाटलं. त्यांनी माझा पदर आधीच मागं सारला होता आणि माझं तोंड खिडकीकडं वळवलं होतं. अंगठ्यानं त्यांनी कपाळाची डावी बाजू चाचपली, मग उजवी. मग भिंतीवरचा आरसा काढून माझ्या हातात दिला. डावीकडं नीट आठ्या पडल्या होत्या. उजवीकडं कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट होतं.

"हे मेंदूचं दुखणं नाही," त्या म्हणाल्या. "एका नसेला सूज आलीय. चेहरा बहुतेक परत येईल. पण डोळा जपायला हवा. तो गेला तर परत येणार नाही."

मी रडायला लागले. आरसा हातातच होता, त्यामुळं रडताना तोंड एकाच बाजूला पसरतंय हेही मला दिसत होतं. माझी आई शेजारी उभी होती. तिनं आरसा काढून घेतला.

ज्यांच्या घरात एखादीचं तोंड असं अचानक वाकडं झालं असेल, त्यांच्यासाठी हे लिहितेय. घाबरू नका असं मी सांगणार नाही. मी स्वतः पोटभर घाबरले होते. उशीर न करता दवाखान्यात न्या, आणि डॉक्टरांना चेहरा पूर्ण बघू द्या, एवढंच सांगते.

तेव्हा मी तेवीस-चोवीस वर्षांची होते. माहेर जालन्याचं, सासर तीर्थपुरीचं. आम्ही माहेश्वरी. आमचे पूर्वज राजस्थानातून कधी आले हे घरात कुणालाच धड सांगता येत नाही. घरात मारवाडी, दुकानात मराठी आणि कचेरीत उर्दू असा आमचा कारभार होता, कारण हैदराबाद राज्य अजून मोडलं नव्हतं. मी शाळा शिकले ती मराठी, म्हणून लिहितेय मराठीत.

सुरुवात दिवाळीनंतरच्या थंडीत झाली. उजव्या कानाच्या मागं ठणकायला लागलं. उशी कडक असेल म्हणून मी उशी बदलली. मग चहा पितळेच्या भांड्यात विसरल्यासारखा लागायला लागला. आमच्याकडं नैवेद्य दाखवल्याशिवाय स्वयंपाक चाखत नाहीत, मीठ-मिरची सगळी हाताच्या अंदाजानं पडते. त्यामुळं माझा स्वयंपाक बिघडला नाही आणि माझी जीभ बिघडलीय हे कुणाला कळलं नाही.

तिसरी गोष्ट सांगायला मला लाज वाटत होती. आमच्या अंगणात रोज सकाळी कबुतरांना ज्वारी टाकतात. ती कबुतरं उडाली की उजव्या कानात कुणी सतरंजी झटकतंय असा आवाज व्हायचा. हे सांगितलं असतं तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं, म्हणून मी गप्प बसले.

मग एका सकाळी चूळ भरली आणि पाणी उजव्या कोपऱ्यातून आपोआप गळलं. पुन्हा भरली, पुन्हा गळलं. तोंड धुताना साबण डोळ्यात गेला, कारण डोळा मिटलाच नव्हता.

आता गंमत बघा. तोंड वाकडं झालं आणि सबंध घरात पहिल्या दिवशी ते फक्त माझ्या तीन वर्षांच्या कमलला दिसलं. मी तिला हसवायला वेडावतेय असं वाटून ती पुन्हा कर, पुन्हा कर म्हणून मागं लागली. बाकी कुणाला दिसलं नाही, कारण दिवसभर माझ्या तोंडावर हनुवटीपर्यंत घुंगट असायचा. तो असायचा बाबूजींसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी. लग्नाला सहा वर्षं झाली होती. एवढ्या काळात त्यांनी माझा चेहरा पाहिला नव्हता आणि आवाज ऐकला नव्हता. ते घरात शिरताना उंबऱ्यावर खाकरायचे, की बायकांनी पदर ओढायचा. मला काही सांगायचं असेल तर ते कमलला सांगायचे: कमल, तुझ्या आईला म्हण, पाहुणे जेवायला हायेत. कमल बोलायला लागायच्या आधी ते हेच खांबाकडं बघून म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांना कळलं. ते माझ्याकडं बघून खालीच बसले. मग सासूबाईंना कळलं. मग शेजारपाजारच्या बायका आल्या. वारं लागलं, लकवा आहे, जायफळ गालात धर, असं सगळं झालं. एकीनं कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. सासूबाईंनी तिला दार दाखवलं. सकाळी ज्यांना दाणे टाकायचे त्यांचंच रक्त काढायचं, हे आमच्या घरात होणं शक्य नव्हतं. त्या कबुतरांवर मी मनातून चिडलेली होते, तरी मला बरं वाटलं.

गावात एक डॉक्टर होते. बाबूजींनी त्यांना बोलावलं. घरच्या सुनेला तपासायला परका पुरुष आलेला, म्हणून बाबूजी स्वतः बाहेरच्या खोलीत बसून राहिले. आणि बाबूजी तिथं, म्हणून मी आतल्या खोलीत दाराआड, तोंडावर घुंगट घेऊन. मधे उंबऱ्यात माझी नणंद सुगना. ती घरची लेक, तिला पदर नव्हता, त्यामुळं निरोप्याचं काम तिच्याकडं आलं. नाडीसाठी मी दाराबाहेर हात काढला. बाकी सगळं तोंडी चाललं. डॉक्टर सुगनाला विचारायचे, सुगना मला विचारायची, मी तिच्या कानात सांगायची, ती मोठ्यानं सांगायची.

हात उचलतो का? उचलतो. बोलताना अडखळते का? थोडी.

मग डॉक्टरांनी विचारलं, "कपाळाला आठ्या पडतात का बघा."

सुगनानं माझ्या घुंगटात डोकं घातलं. मी भुवया उचलल्या. तिनं बघितलं आणि सांगितलं, "पडतात."

ती खोटं बोलली नाही. पडत होत्याच. दोन्हीकडं पडतात का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही आणि तिच्याही डोक्यात आलं नाही.

त्या एका शब्दावर निदान झालं. तोंड वाकडं आणि कपाळ चालू, म्हणजे दुखणं मेंदूत. मेंदूत रक्त अडकलंय, उद्या हातपायही जाऊ शकतात. अंथरुणावर पडून राहायचं, मूल उचलायचं नाही, पायऱ्या चढायच्या नाहीत. त्या डॉक्टरांना मी आजही दोष देत नाही. त्यांना जे सांगितलं गेलं त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष बरोबरच होता.

कमलला सासूबाईंनी आपल्याजवळ घेतलं. घरात हलक्या आवाजात बोलणी सुरू झाली आणि ठरलं की मला आरामासाठी माहेरी पाठवायचं, पोरगी इथं राहील. हे ऐकून मी घाबरले, आणि त्याला कारण होतं. आमच्या चुलत सासऱ्यांची पहिली बायको अशीच आजारपणात आरामाला माहेरी गेली होती. तिच्या जागी आलेली दुसरी चुलतसासू आमच्याकडं दर संक्रांतीला यायची. पहिलीचं पुढं काय झालं हे मी कधी विचारलं नव्हतं. आता विचारायची हिंमत नव्हती.

आमचे हे कापसाच्या खरेदीसाठी बाहेरगावी गेले होते, म्हणून बाबूजीच मला घेऊन निघाले. अंबडपर्यंत बैलगाडी, तिथून जालन्याला मोटार. सबंध वाटभर मी घुंगटात. उजवा डोळा लाल होऊन चुरचुरत होता. पदराची जरीची किनार त्यावर घासायची आणि डोळा मिटून तिला अडवता येत नव्हतं. मी हातानं पापणी खाली ओढून धरायची. हात अवघडला की सोडायची.

माहेरी आईनं पदर उचलून बघितलं आणि चहासुद्धा न टाकता टांगा बोलावला. गावाबाहेरच्या मिशनच्या दवाखान्यात बायकांना तपासायला डॉक्टरीण होत्या. सून अजून आपल्या जिम्मेदारीत आहे म्हणून बाबूजीही आले, आणि आवारातल्या लिंबाखाली आमच्याकडं पाठ करून बसले.

तिथं आधी बराच वेळ बाकावर बसावं लागलं. आत गेल्यावर काय झालं ते सुरुवातीला सांगितलंच. पण आठ्यांवर त्या थांबल्या नाहीत. त्यांनी मला मुळापासून तपासलं, आणि मी विचारत गेले तसं सांगत गेल्या. ते मला जन्मभर पुरलंय.

आधी दोन्ही हातांनी त्यांची बोटं घट्ट धरायला लावली. हे ब्रेनसाठी, म्हणजे मोठ्या मेंदूसाठी. विचार, बोलणं, आठवण, हातपाय हलवायची इच्छा, सगळं तिथलं. त्याचे दोन अर्धे भाग असतात आणि उजवा भाग डाव्या अंगाला हुकूम देतो, डावा उजव्या. माझी पकड दोन्हीकडं सारखी होती. मग पावलापुढं पाऊल ठेवून रेषेवर चालायला लावलं. हे सेरेबेलमसाठी, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहान मेंदूसाठी. अंगाचा तोल आणि हालचालींचा मेळ तो सांभाळतो. तोही ठीक होता.

रबराच्या हातोडीनं त्यांनी गुडघ्याखाली हलकेच ठोकलं आणि माझा पाय उडाला. मी ओशाळून माफी मागितली. त्या हसल्या. यात तुमचं काही नाही, म्हणाल्या. हा हुकूम स्पायनल कॉर्डचा, म्हणजे पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचा. मेंदूचे हुकूम खाली न्यायचे, अंगाच्या खबरी वर पोचवायच्या हे त्याचं काम. पण काही किरकोळ कामं तो मेंदूला न विचारताच उरकतो. सासूबाईंना न विचारता मी कधीमधी चहा टाकते, तसंच हे असावं असं मला वाटलं.

मग कापसाचा पेळू दोन्ही गालांवरून फिरवला. हलत नसलेल्या गालालाही स्पर्श बरोबर कळला. गाल हलवणारी नस वेगळी आणि गालाचा स्पर्श कळवणारी वेगळी, हे मला तेव्हा समजलं. शेवटी बाहेर काढलेल्या जिभेवर उजव्या बाजूला मीठ लावलं. मला काही कळेना. डावीकडं लावल्याबरोबर कळलं.

"चहा कसा लागतो?" त्यांनी विचारलं.

मी चहाचं सांगितलं. आणि धीर करून कबुतरांचंही सांगितलं. त्यांनी मान डोलावली. हे सगळं एकाच नसेचं, म्हणाल्या. तिचं नाव फेशियल नर्व्ह, चेहऱ्याची नस. मेंदूतून निघून ती कानाच्या मागच्या हाडातल्या अरुंद वाटेनं बाहेर येते. कपाळ, पापणी, गाल, ओठ तिच्या ताब्यात. तिचा एक फाटा जिभेच्या पुढच्या भागाची चव आणतो. दुसरा बारीक फाटा कानातल्या एका इवल्याशा स्नायूला जातो. मोठा आवाज आत येताना तो स्नायू आवळतो, म्हणून आवाज कानाला बेताचाच लागतो. नस सुजली की त्या अरुंद वाटेत दबते आणि तिची सगळी कामं एकदम अडतात. कशानं सुजते ते नक्की सांगता येत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला वेड लागलेलं नव्हतं, याचा आनंद मला तोंड वाकडं असताना झाला.

मग त्यांनी डोळ्यात रंगाचं औषध टाकून बघितलं. कॉर्निया म्हणजे बुबुळावरची काच. तिच्यावर ओरखडा उठला होता, बरोबर पदराची किनार घासायची तिथं. त्यांनी आईला सांगितलं की घरातल्या कर्त्या माणसाला आत बोलवा.

बाबूजी आले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मी पदर ओढायला हात उचलला, तो डॉक्टरीणबाईंनी धरून ठेवला.

बाबूजी माझ्या आईला म्हणाले, "त्यांना विचारा, किती दिवस लागतील?"

"मला विचारा ना, मी इथंच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही महिने. पण ह्यांच्या डोळ्यावर कापड घासतंय. पदर डोक्यावर चालेल, तोंडावर चालणार नाही. डोळा मिटायला लागेपर्यंत बिलकुल नाही."

मला वाटलं, आता बाबूजी निघून जाणार. मग त्यांनी भिंतीकडं बघतच विचारलं, गावचे डॉक्टर मेंदूचं म्हणाले, तुम्ही नसेचं म्हणता, ते कसं? बाईंनी कपाळाचं समजावलं. तोंडाच्या खालच्या भागाला मेंदूच्या एकाच बाजूचा हुकूम येतो. कपाळाला मात्र दोन्ही बाजूंचा येतो, त्यामुळं मेंदूची एक बाजू दुखावली तरी कपाळ हलत राहतं. पण नस स्वतःच बंद पडली, तर कपाळासकट ती सगळी बाजू बंद. ह्यांच्या अर्ध्याच कपाळाला आठ्या पडतात.

"त्या डॉक्टरनं बी हेच विचारलं होतं," बाबूजी म्हणाले. "आमची पोरगी म्हणली, पडतात."

"पडतात. अर्ध्याच."

बाबूजींनी भिंतीला हात टेकला. "म्हंजे मी तिथं बसून राह्यलो न्हसतो, तर डॉक्टरनं सोताच तोंड पाह्यलं असतं."

डॉक्टरीणबाईंनी सुया, डोळ्यासाठी मलम आणि वर बांधायची पट्टी लिहून दिली.

"मंग बिनणी माहेरी ऱ्हाणार न्हाई," ते म्हणाले. "सुया संपल्या की मी न्यायला येतो. पट्टी बांधायला आमच्या घरी माणसं हायेत." आमच्यात सुनेला बिनणी म्हणतात. सहा वर्षांत मी इतकी सुखावले नव्हते.

जालन्यात ब जीवनसत्त्वाच्या सुया झाल्या, डोळ्यात मलम आणि वर पट्टी सुरू झाली, आणि बाबूजी बोलल्याप्रमाणं आले. तीर्थपुरीला मी पदर नुसता डोक्यावर घेऊन उतरले. आता हे घर कसं चालणार, ही काळजी मला लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूजी उंबऱ्यावर खाकरले. मी सवयीनं पदराला हात घातला, तर समोरून बाबूजी आले ते आपलंच उपरणं तोंडावर हनुवटीपर्यंत ओढून. चौकटीवर त्यांचा खांदा आपटला. आत येऊन ते पाटावर अंदाजानं बसले आणि उपरण्याच्या आतूनच चहा प्याले. कुणीतरी तोंड झाकायचं हा घरचा रिवाज, तिला जमत नाही तर मी झाकतो, असा सरळ हिशोब. सासूबाई भयंकर चिडल्या. म्हाताऱ्यानं लाज आणली म्हणून त्या दिवसभर भांडी आपटत होत्या आणि ती भांडी माझ्या उजव्या कानात दुप्पट वाजत होती. पण माझा गाल शेकायला मिठाची पुरचुंडीही त्याच गरम करून आणायच्या, आणि कमलला त्यांनी त्याच दिवशी माझ्या मांडीवर आणून ठेवलं.

डॉक्टरीणबाईंनी व्यायाम सांगितले होते. आरशासमोर गाल फुगवायचे, दात दाखवायचे, ओठांचा चंबू करून शिट्टी वाजवायची. घरची सून शिट्टी वाजवते म्हटल्यावर सासूबाईंनी कपाळावर हात मारला. बाहेरून उपरण्यातून आवाज आला, "कमल, तुझ्या आजीला म्हण, डॉक्टरीणबाईनं सांगितलंय. वाजवू दे." शिट्टी वाजत नव्हतीच. नुसती हवा जायची. पण मी रोज वाजवायची, आणि मला त्यात मजा यायला लागली होती, हेही सांगून टाकते.

बरं होणं फार हळू असतं. नस मुळाकडून पुढं सावकाश वाढते, वाढतेय हे दिसत नाही. कित्येक आठवडे मी आरशात बघून स्वतःला शिव्या दिल्या. संक्रांतीला चहाची चव परत आली. होळीच्या सुमाराला ओठाचा कोपरा जरा हलला. तो पहिल्यांदा कमलनं बघितला. ज्यांना हे भोगावं लागेल त्यांनी आरसा रोज बघावा पण रोज विश्वास ठेवू नये. डोळा कोरडा पडू देऊ नये.

थोडी खोट राहिली आहे. वाढताना नसेचे धागे कुठं कुठं चुकीच्या घरी पोचतात. त्यामुळं आजही जेवताना माझा उजवा डोळा आपोआप मिचकतो. नव्या पाहुण्यांचा गैरसमज होतो. मी जेवत राहते.

एक सकाळ सांगायची राहिली. पाडवा होऊन गेला होता. तोंडावर पाणी मारलं आणि साबण डोळ्यात गेला नाही. पुन्हा मारलं. पापणी सावकाश, पण पुरती खाली येत होती. मी तशीच ओल्या तोंडानं अंगणात आले. बाबूजी तोंडावर उपरणं घेऊन कबुतरांना ज्वारी टाकत होते. डोळा मिटला म्हणजे आता माझ्या पदराची पाळी आली, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. मी पदर डोक्यावरच राहू दिला.

"बाबूजी, डोळा मिटतोय," मी म्हणाले. त्यांच्याशी बोललेला माझा तो पहिला शब्द.

ते थबकले. मग सवयीप्रमाणं कुणाकरवी बोलावं म्हणून त्यांनी इकडंतिकडं मान वळवली. कमल झोपली होती. सुगना विहिरीवर गेली होती. ज्वारीचं सूप त्यांनी खाली ठेवलं आणि उपरणं तोंडावरून काढलं. आणि माझ्याकडं, माझ्या तोंडाकडं बघितलं.

"कपाळ?" त्यांनी विचारलं.

मी भुवया वर उचलल्या. ते जवळ आले. डॉक्टरीणबाईंसारखं त्यांनी आधी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं, मग पुन्हा डावीकडं. सावकाश, एकही आठी न चुकवता.

"बराबर," ते म्हणाले. "दोन्हीकडं."